दानाची नोंद आणि कराची टीप: ‘नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर’ वापरून पाहताना

अमेरिकी कंपनीचा एखादा प्रमुख खरोखर किती दान करतो, हे कंपनीच्या पत्रकांतून कळत नाही आणि विद्यापीठातल्या इमारतीवर कोरलेल्या नावावरून तर अजिबात नाही. त्याच्या खासगी फाउंडेशनने करखात्याला दिलेलं विवरणपत्र उघडलं की मात्र बरंच काही कळतं. ते विवरणपत्र कोणालाही, घरबसल्या, एक पैसा न देता उघडता येतं ते ‘नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर’ या सेवेमुळे. प्रोपब्लिका ही शोधपत्रकारिता करणारी संस्था २०१३ पासून ती चालवते. माझ्या मते सामान्य वाचकाच्या हाती आलेल्या सर्वांत मोलाच्या साधनांपैकी हे एक आहे.

कंपन्यांच्या वार्षिक अहवालात प्राप्तिकराची जी टीप असते, ती तयार करणाऱ्या चमूत मी काम करते. करपूर्व नफा किती, त्यावर कर किती, तो एवढाच का, याचा हिशेब लावण्यात माझा दिवस जातो. त्यामुळे एका प्रश्नाने मला फार दिवस धरून ठेवलं होतं. जो माणूस स्वतःच्या खिशातून शाळांना, दवाखान्यांना, संशोधनाला भरभरून देतो, त्याची कंपनीही सरकारी तिजोरीत तशीच मोकळ्या हाताने भर घालते का? की वैयक्तिक दान एकीकडे आणि कंपनीचा कर कमीत कमी ठेवण्याची धडपड दुसरीकडे, असं दोन्ही एकाच माणसाच्या हाताखाली सुखाने नांदतं? याच प्रश्नासाठी मी ही सेवा वापरते आणि तिचं मोल त्याच अंगाने सांगणार आहे. देणगी देण्यापूर्वी संस्था पारखून घेणाऱ्यांनाही ती उपयोगी आहे, पण तो वेगळा विषय.

आधी ती काय देते ते पाहू. पानावर शोधाची एक चौकट आहे. संस्थेचं नाव टाका, संस्थेचा करओळख क्रमांक टाका किंवा थेट माणसाचं नाव टाका. माणसाच्या नावाने शोधता येतं, हीच आमच्यासारख्यांसाठी सगळ्यात मोठी सोय. विवरणपत्रात विश्वस्त आणि पदाधिकारी म्हणून ज्यांची नावं आहेत त्यांची यादी समोर येते आणि एखादा सीईओ आपल्या फाउंडेशनव्यतिरिक्त आणखी कुठल्या संस्थांच्या मंडळांवर बसतो तेही दिसतं. संस्थेच्या पानावर वर्षानुसार उत्पन्न, खर्च आणि मालमत्ता मांडलेली असते. प्रत्येक वर्षापुढे मूळ विवरणपत्र उघडायची कळ असते. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने भरलेल्या विवरणपत्रांच्या संपूर्ण मजकुरात शब्द शोधता येतात. प्रोपब्लिका स्वतःही ना-नफा संस्था आहे, त्यामुळे तिचीही विवरणपत्रं याच ठिकाणी, इतरांच्या शेजारी, तशीच उघडी आहेत. मला हे मनापासून आवडतं.

हे सगळं सहज घडलेलं नाही. अमेरिकेत ना-नफा संस्थांची विवरणपत्रं कायद्याने जनतेला खुली असली, तरी करखातं ती बराच काळ स्कॅन केलेल्या प्रतिमांच्या रूपातच देत असे. प्रतिमेत आकडे शोधणार कसे? पब्लिक डॉट रिसोर्स डॉट ऑर्ग या संस्थेने खात्याला न्यायालयात खेचलं, २०१५ मध्ये निकाल संस्थेच्या बाजूने लागला आणि २०१६ पासून खात्याने इलेक्ट्रॉनिक विवरणपत्रं संगणकाला वाचता येतील अशा स्वरूपात खुली केली. पुढे २०१९ च्या कायद्याने अशा संस्थांना इलेक्ट्रॉनिक भरणा सक्तीचा झाला. आज आपण एका कळीवर जे पाहतो, त्यामागे ही लढाई आहे.

आता मुख्य कागद. खासगी फाउंडेशन जे विवरणपत्र भरतं त्याला फॉर्म ९९०-पीएफ म्हणतात. पहिल्या पानावर चार स्तंभ असतात. पहिल्यात वहीखात्यातलं उत्पन्न आणि खर्च, शेवटच्यात धर्मादाय कामासाठी प्रत्यक्ष गेलेली रक्कम. मी आधी या शेवटच्या स्तंभावर जाते. फाउंडेशनकडे अब्जावधी असतील, पण त्या वर्षी बाहेर किती गेले ते इथेच कळतं. कायदा सांगतो की गुंतवणुकीच्या मालमत्तेच्या साधारण ५ टक्के रक्कम दरवर्षी वाटलीच पाहिजे, आणि त्यासाठी पुढच्या वर्षअखेरपर्यंत मुदत मिळते. रास्त कार्यालयीन खर्चही त्या ५ टक्क्यांत धरता येतो. म्हणून ५ टक्के गाठणारं फाउंडेशन आणि १५ टक्के वाटणारं फाउंडेशन यांत फरक करायला मी शिकले आहे. पहिलं कायदा पाळतं. दुसऱ्याला घाई आहे, आणि दानात घाई हा मला गुण वाटतो.

खरी मेजवानी मात्र शेवटच्या पानांवर, देणगीदारांच्या जोडपत्रात असते. सार्वजनिक धर्मादाय संस्थांच्या, म्हणजे अनेकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांच्या, बाबतीत देणगीदारांची नावं झाकलेली असतात. खासगी फाउंडेशनच्या बाबतीत ती उघडी असतात, हे फार थोड्यांना माहीत आहे. कोणी दिलं, किती दिलं, आणि रोख नसेल तर काय दिलं: अमुक कंपनीचे अमुक इतके शेअर, त्यांचं बाजारमूल्य आणि ते मिळाल्याची तारीख. ही तारीख टिपून ठेवावी.

कारण दुसऱ्या खिडकीत एडगर उघडं ठेवायचं असतं. शेअरबाजार नियामकाचं हे कागदपत्रांचं भांडार, तेही मोफत. कंपनीचे अधिकारी आपले शेअर विकतात, घेतात, भेट देतात तेव्हा तिथे फॉर्म ४ भरावा लागतो आणि भेटीपुढे ‘जी’ हे अक्षर येतं. पूर्वी भेटीची नोंद कंपनीचं आर्थिक वर्ष संपल्यावर ४५ दिवसांपर्यंत केली तरी चालत असे. म्हणजे फेब्रुवारीत दिलेल्या भेटीची वार्ता जगाला पुढच्या फेब्रुवारीत. २०२२ च्या डिसेंबरात नियामकाने नियम बदलला आणि २७ फेब्रुवारी २०२३ पासून दोन कामकाजी दिवसांत नोंद बंधनकारक झाली.

हा बदल का करावा लागला, हे समजलं की या दोन खिडक्या शेजारी ठेवण्याचं महत्त्व पटतं. डेव्हिड यर्मॅक या प्राध्यापकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कंपन्यांचे अध्यक्ष आणि सीईओ यांनी दिलेल्या मोठ्या शेअरभेटी तपासल्या. भेट दिल्यानंतर लवकरच कंपनीचा भाव घसरतो, असं त्यांना वारंवार आढळलं, आणि भेट स्वतःच्याच कौटुंबिक फाउंडेशनला असेल तर हे जास्त ठळक. काहींनी वजावट वाढावी म्हणून भाव चढा असतानाची मागची तारीख घातली असावी, असेही पुरावे दिसले. शिवाय फाउंडेशनं ते शेअर न विकता वर्षानुवर्षं धरून ठेवतात, म्हणजे मताधिकार दात्याच्याच हातात राहतो. दान झालं, वजावट मिळाली आणि सत्ताही हलली नाही. ज्यांना हे अतिशयोक्त वाटतं त्यांनी कुठल्याही दोनचार फाउंडेशनांच्या विवरणपत्रांत गुंतवणुकीची यादी वाचावी.

कराचं गणित एकदा नीट मांडते, कारण याशिवाय पुढचं कळत नाही. समजा संस्थापकाने १० डॉलरला मिळालेला शेअर आज १०० डॉलरचा आहे. विकला तर ९० डॉलर नफ्यावर सर्वोच्च दराने २३.८ टक्के, म्हणजे सुमारे २१ डॉलर केंद्रीय कर. हाती राहतात ७९. तोच शेअर आपल्या फाउंडेशनला दिला तर भांडवली नफ्यावर कर नाही, आणि शेअर शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीचा असेल तर पूर्ण १०० डॉलरची वजावट. २०१८ ते २०२५ या वर्षांतल्या ३७ टक्के सर्वोच्च दराने ती ३७ डॉलरची झाली. म्हणजे १०० डॉलर फाउंडेशनकडे गेले, पण विकून कर भरला असता त्या तुलनेत दात्याचे सुमारे ४२ डॉलरच कमी झाले. उरलेले ५८ तिजोरीने सोसले. वजावटीला वार्षिक उत्पन्नाच्या २० टक्क्यांची मर्यादा आहे, उरलेली वजावट पाच वर्षं पुढे ओढता येते. २०२६ पासून नव्या कायद्याने वरच्या गटाला मिळणारा वजावटीचा लाभ ३५ टक्क्यांवर आणला आहे. गणिताची जात मात्र तीच.

यात बेकायदा काही नाही आणि दानही खरंच आहे. पण ५८ डॉलर जनतेचे आणि ते कुठे जावेत हे ठरवणारा एक माणूस, ही गोष्ट वाचणाऱ्याने डोळ्यांसमोर ठेवायला हवी. कर आणि दान दोन्ही समाजाकडेच जातात. करात निर्णय संसदेचा, दानात निर्णय दात्याचा. ज्याला आपला निर्णय सरकारपेक्षा चांगला वाटतो, तो दानात उदार आणि करात काटकसरी असणं पूर्णपणे सुसंगत आहे. माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथे मिळालं.

उरलेलं अर्धं कंपनीच्या बाजूला आहे. एडगरवर कंपनीचा वार्षिक अहवाल, म्हणजे १०-के, उघडून करपूर्व नफा घ्यायचा आणि रोखप्रवाहाच्या पत्रकाखाली ‘प्राप्तिकरापोटी दिलेली रोख’ ही ओळ शोधायची. त्यांचं प्रमाण काढायचं, तेही एका वर्षाचं नव्हे, पाच-दहा वर्षांच्या बेरजांचं. एका वर्षाचा आकडा किती फसवा असतो याचं फेसबुकच्या २०१२ इतकं बोलकं उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

शेअरबाजारात उतरण्याचं ते वर्ष. करपूर्व नफा ४९ कोटी ४० लाख डॉलर, प्राप्तिकराची तरतूद ४४ कोटी १० लाख, निव्वळ नफा अवघा ५ कोटी ३० लाख. म्हणजे वहीत प्रभावी करदर ८९ टक्के! हे एवढंच वाचणारा म्हणेल, बिचारी कंपनी कराखाली चिरडली गेली. पण त्याच अहवालाच्या रोखप्रवाहात शेअरवर आधारित मोबदल्यापोटी मिळालेला जादा करलाभ १ अब्ज डॉलरच्या वर आहे. कर्मचाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना मिळालेल्या शेअरचा भाव चढला की कंपनीला तेवढी वजावट मिळते. ज्याला शेअर मिळाले तो त्यावर आपला प्राप्तिकर भरतो, त्यामुळे याला पळवाट म्हणणं न्यायाचं नाही. पण कंपनीचा कर त्या वर्षी कमी झाला तो याच वाटेने. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मार्क झुकरबर्ग यांनी १ कोटी ८० लाख शेअर, तेव्हाच्या भावाने सुमारे ५० कोटी डॉलरचे, दान केले.

हे दान मात्र नॉनप्रॉफिट एक्सप्लोररवर त्यांच्या नावाने शोधलं तर हाताला लागत नाही. ते गेलं सिलिकॉन व्हॅली कम्युनिटी फाउंडेशनकडे, आणि नावात फाउंडेशन असलं तरी ती सार्वजनिक धर्मादाय संस्था आहे. अशा संस्थांत दात्याच्या सल्ल्याने चालणारी खाती असतात. पैसे ठेवले त्या दिवशी वजावट मिळते, वाटप कधी करायचं याला कायद्याने मुदत नाही आणि कोणत्या दात्याच्या खात्यातून कोणाला गेलं हे विवरणपत्रात येत नाही. संस्थेचं विवरणपत्र उघडा, दिलेल्या अनुदानांची लांबलचक यादी दिसेल, पण त्यातला कोणता डॉलर कोणाचा हे सांगणारी ओळ त्या फॉर्ममध्ये मुळातच नाही. २०१५ मध्ये झुकरबर्ग दांपत्याने चॅन झुकरबर्ग इनिशिएटिव्ह उभं केलं तेही मर्यादित दायित्वाच्या कंपनीच्या रूपात. तिच्या जोडीचं फाउंडेशन ९९०-पीएफ भरतं, कंपनीला तो भरावा लागत नाही.

या सेवेबद्दल माझं मत बनवताना ही गोष्ट मला सर्वांत जड वाटते. दोष संकेतस्थळाचा नाही. जे कागद कायदा उघडे ठेवतो तेच ते दाखवू शकतं. पण वापरणाऱ्याने हे मनात पक्कं धरावं की एखाद्या सीईओच्या नावापुढे काहीच सापडलं नाही याचा अर्थ तो देत नाही असा होत नाही, आणि फाउंडेशन सापडलं याचा अर्थ त्याचं सगळं दान सापडलं असाही नाही. त्याहून नाजूक बाब अशी की खासगी फाउंडेशनला आपला ५ टक्क्यांचा वाटा अशा सल्ला-खात्यात टाकूनही पूर्ण करता येतो. अनुदानांच्या यादीत एकच भली मोठी रक्कम एखाद्या गुंतवणूक कंपनीच्या धर्मादाय शाखेकडे गेलेली दिसली की माग तिथेच संपतो. मी अशी ओळ लाल रंगाने खुणावते.

दुसरा सापळा नावाचा. कंपनीचं फाउंडेशन आणि कंपनीप्रमुखाचं फाउंडेशन दोन्ही ९९०-पीएफच भरतात, आणि नावं कित्येकदा इतकी जवळची असतात की नवखा वाचक कंपनीच्या पैशाला साहेबांचं दान समजून बसतो. उपाय सोपा आहे: देणगीदारांचं जोडपत्र पाहा. तिथे कंपनीचं नाव असेल तर ते भागधारकांचे पैसे आहेत. वैयक्तिक दान आणि कंपनीचा कर यांची सांगड घालायची असेल तर हा फरक पहिल्याच पायरीवर करायला हवा, नाहीतर पुढचं सगळं विश्लेषण पाण्यात.

आणि उशीर तर आहेच. कॅलेंडर वर्षाप्रमाणे चालणाऱ्या फाउंडेशनची मुदत पुढच्या वर्षीच्या १५ मेपर्यंत, वाढवून घेतली तर १५ नोव्हेंबरपर्यंत. मग खात्याकडून कागद बाहेर यायला वेळ. जानेवारीत दिलेलं दान वाचकाच्या डोळ्यांपुढे यायला दोन वर्षं सहज जातात. बातमीच्या वेगाने उत्तर हवं असणाऱ्यांना ही सेवा निराश करेल. दहा वर्षांची सवय पाहायची असेल तर दोन वर्षांच्या उशिराने काही बिघडत नाही.

मग दिसतं काय? माझ्या वाचनातली दोन उदाहरणं सांगते, कारण ती एकमेकांना छेद देतात.

वॉरन बफे यांनी २००६ मध्ये तेव्हा आपण चालवत असलेल्या बर्कशायर हॅथवे कंपनीच्या शेअरांचं टप्प्याटप्प्याने दान जाहीर केलं. २०२१ च्या जूनपर्यंत सोळा वर्षांत दिलेले शेअर ४१ अब्ज डॉलरचे होते, आणि त्यांनी स्वतः सांगितलं की त्यापोटी करात झालेली बचत दर हजार डॉलरमागे ४० सेंटच्या आसपास आहे. त्यांचं करपात्र उत्पन्नच इतकं कमी की वजावट वापरायला जागा नाही. त्याच महिन्यात प्रोपब्लिकाने अतिश्रीमंतांच्या संपत्तीवाढीच्या तुलनेत त्यांचा प्राप्तिकर किती नगण्य आहे हे छापलं, त्यात बफे अग्रभागी होते. त्यावर त्यांचं उत्तर असं होतं की आपला पैसा सरकारचं वाढतं कर्ज किंचित कमी करण्यापेक्षा दानातून समाजाच्या जास्त उपयोगी पडेल. म्हणजे मी वर म्हटलेला विचार त्यांनी स्पष्टपणे मांडला. आता कंपनीकडे बघा. २०२४ साठी बर्कशायरने २६.८ अब्ज डॉलर प्राप्तिकर भरला आणि बफे यांनी भागधारकांना लिहिलेल्या पत्रात तो आकडा अभिमानाने सांगितला: अमेरिकेतल्या सगळ्या कंपन्यांनी भरलेल्या कराच्या सुमारे ५ टक्के. वैयक्तिक पैशात ते सरकारपेक्षा दानावर विश्वास ठेवतात, कंपनीच्या पैशात मात्र त्यांनी विक्रमी कर भरला. शिवाय हेही पाहायला हवं की त्या वर्षी कंपनीने ॲपलचे शेअर मोठ्या प्रमाणावर विकले, आणि नफा वसूल केला की कर येतोच. तो आकडा उदारपणाचा पुरावा नाही, एका व्यवहाराचा परिणाम आहे.

सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीचे प्रमुख मार्क बेनिऑफ यांचं उलट. सेल्सफोर्स कंपनीने सुरुवातीपासून भागभांडवल, उत्पादन आणि कर्मचाऱ्यांचा वेळ यांचा एक एक टक्का समाजाला देण्याचा पायंडा पाडला आणि त्यांचं वैयक्तिक दानही मोठं आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत बेघरांसाठी मोठ्या कंपन्यांवर जादा कर बसवणारा ‘प्रपोझिशन सी’ मतदानाला आला, तेव्हा त्यांनी आपल्याच कंपनीवर बसणाऱ्या त्या कराच्या बाजूने उघड प्रचार केला आणि तो मंजूरही झाला. असं धाडस किती उद्योगपती दाखवतात? आणि तरीही इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी या संस्थेने २०२१ च्या एप्रिलमध्ये ज्या ५५ कंपन्यांनी आदल्या वर्षी केंद्रीय प्राप्तिकर भरला नाही अशी यादी काढली, तिच्यात सेल्सफोर्स होती, २.६ अब्ज डॉलर अमेरिकी नफ्यासह. शहराच्या करासाठी लढणारा प्रमुख आणि केंद्राचा कर शून्य. दोन्ही एकाच वेळी खरं. शेअरमोबदल्याची वजावट कायद्यानेच दिलेली आहे, हेही इथे पुन्हा सांगायला हवं.

संशोधकांचे निष्कर्षही असेच दोन दिशांना जातात. २०१३ च्या एका अभ्यासात सामाजिक जबाबदारीत बेपर्वा असणाऱ्या कंपन्या कर टाळण्यातही पुढे दिसल्या. २०१६ च्या दुसऱ्या अभ्यासात सामाजिक जबाबदारीत वरचा क्रमांक असणाऱ्या कंपन्या उलट कमी कर भरताना आणि करविषयक लॉबिंगवर जास्त खर्च करताना आढळल्या. माणसाचा प्रभाव पडतो एवढं मात्र पक्कं. डायरेंग, हॅनलन आणि मेड्यू यांनी २०१० मध्ये एका कंपनीतून दुसरीत गेलेल्या ९०८ वरिष्ठ अधिकाऱ्यांचा माग काढला. कर टाळण्यात वरच्या चतुर्थांशातला अधिकारी आणि खालच्या चतुर्थांशातला अधिकारी यांच्यामुळे कंपनीच्या प्रभावी करदरात सुमारे ११ टक्क्यांच्या घरात फरक पडतो, असं त्यांना दिसलं. लष्करात सेवा केलेले अधिकारी असलेल्या कंपन्या कर कमी टाळतात, असं २०१७ चा एक अभ्यास सांगतो. माझा अनुभव याच्याशी जुळतो. सीईओ करनियोजनाचे तक्ते स्वतः बनवत नाही. पण करविभाग हा नफ्याचा विभाग मानायचा की नियमपालनाचा, हे तोच ठरवतो, आणि करप्रमुखाचा बोनस कशावर अवलंबून ठेवायचा हेही.

म्हणून ही सेवा वापरून कोणाला चारित्र्याचं प्रमाणपत्र देऊ नये, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. फाउंडेशनचा आकडा मोठा म्हणून कंपनी सचोटीची, किंवा कंपनीचा करदर कमी म्हणून दान ढोंगी, या दोन्ही उड्या कागदावर टिकत नाहीत. कागदावर टिकतात ते प्रश्न: शेअर कोणत्या तारखेला दिले, त्यानंतर भाव कुठे गेला, फाउंडेशनने ते विकले की धरून ठेवले, बाहेर प्रत्यक्ष किती गेलं, आणि त्याच वर्षांत कंपनीने रोखीने किती कर भरला. या पाचही गोष्टींना उत्तर आहे आणि ते पत्रकार, भागधारक, कामगार संघटना, महाविद्यालयातला विद्यार्थी असं कोणीही शोधू शकतं.

कोणी घ्यावी ही मेहनत? ज्याला इंग्रजी फॉर्म वाचायचा कंटाळा नाही आणि बेरीज-भागाकार येतो, त्याने. लेखाशास्त्राची पदवी लागत नाही. दोन संध्याकाळी पुरतील एवढंच नव्याने शिकावं लागतं. मोबाइलवर मात्र हा खटाटोप करू नये. दोन खिडक्या शेजारी लागतील असा मोठा पडदा हवा. मूळ विवरणपत्राची पीडीएफ उतरवून ठेवावी, कारण सारांशातले आकडे फक्त दिशा दाखवतात; देणगीदारांचं जोडपत्र आणि गुंतवणुकीची यादी वाचायची ती पूर्ण दस्तऐवजातच. शेकडो फाउंडेशनांचा अभ्यास करायचा असेल तर प्रोग्रॅममधून माहिती ओढण्याचीही सोय आहे.

आता सुरुवात करणाऱ्याला एक नवी मदत मिळते आहे. १५ डिसेंबर २०२४ नंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांपासून शेअरबाजारात नोंदलेल्या अमेरिकी कंपन्यांना भरलेला प्राप्तिकर केंद्र, राज्यं आणि परदेश असा वेगळा करून दाखवावा लागतो, आणि एकूण भरण्याच्या ५ टक्के किंवा जास्त वाटा असलेला प्रत्येक देश किंवा राज्य नावासकट द्यावं लागतं. आजवर ‘प्राप्तिकरापोटी दिलेली रोख’ या एका ओळीवर भागवावं लागत होतं. तेव्हा २०२५ सालचा १०-के हाती घ्या, त्यातलं हे नवं कोष्टक शोधा, आणि मग कंपनीप्रमुखाचं नाव नॉनप्रॉफिट एक्सप्लोररच्या चौकटीत टाका. नाव सामान्य असेल तर त्याच नावाचे बरेच लोक निघतील. अशा वेळी फाउंडेशनच्या गुंतवणुकीच्या यादीत त्याच कंपनीचे शेअर आहेत का ते पाहावं, ओळख तिथे पटते.